माईसाहेब दारात काय म्हणाल्या

मौदा
१० एप्रिल २०२६

प्रेमा,

तुझं मागचं पत्र परवा पोचलं. मौद्याहून नागपूर बसनं तासाभराचं, अन् पत्राले पाच दिवस लागतात. मी टपालवाल्याले म्हटलं, तू पायी जातं का गा? तो काहीतरी बोलला. मले ऐकू आलं नाही, पण हसला, म्हणजे चांगलंच बोलला असंल.

कानाचं तसंच हाय. मशीन लावली का पंख्याचा आवाज येते, माणसाचा येत नाही. माझी सून सोनिका म्हणते, मावशीले मोबाइलवर लिहीत जा ना. पण मोबाइलवर आलेलं सगळं घर वाचते. पत्र माझं एकटीचं राहते. आपण रामटेकच्या शाळेत एका बाकावर बसत होतो तेव्हापासून तुझं अक्षर मी ओळखते, ते त्या काचेवर कुठं दिसते?

आता कामाचं. 'दोन दारांचं घर' मी पाहते ते तुझ्या भरवशावर. चित्र टीव्हीत अन् बोलणं तुझ्या पत्रात, पाच दिवस उशिरानं. आतापर्यंत तू एक भाग सोडला नाही. पण कालचा भाग मले पाच दिवस थांबवत नाही.

ते शंभर वर्षांपूर्वीचं घर, त्या घरातली विधवा सून रेवती, तिचं दुसरं लग्न ठरलं हे मले माहीत होतं. काल ती निघाली. सासू माईसाहेब दारात उभ्या राहून तिच्याशी बोलल्या. किती वेळ बोलल्या वं. मी घड्याळ पाहून राहिली होती, चार मिनिटं. सोनिका पदर तोंडाले लावून रडून राहिली होती. आमचा गडी लहानू खिडकीतून पाहत होता, तोही डोळे पुसून राहिला. एवढ्या माणसांत मी एकटी कोरडी बसली. मले इतका राग आला.

सोनिकाले विचारलं तर तिनं हातानं दाखवलं, खूप छान. छान म्हणजे काय बाई?

तुझ्या नव्या टीव्हीत झालेले भाग पुन्हा लावता येतात असं तू लिहिलं होतं. तो भाग लाव, अन् माईसाहेब दारात काय म्हणाल्या ते शब्दाले शब्द लिहून पाठव.

तुझी,
अंजना


नंदनवन, नागपूर
१६ एप्रिल २०२६

प्रिय अंजना,

इथे एप्रिलमध्येच त्रेचाळीस झालं आहे. कूलरला नवी ताटी बसवली. गिरिधररावांनी स्वतः बसवायची म्हणून हट्ट धरला आणि अर्धं गवत दिवाणखान्यात सांडलं. निवृत्त माणसाला उद्योग हवा असतो आणि त्याच्या बायकोला केरसुणी.

तो भाग मी पुन्हा लावणार नाही, अंजना. रागावू नकोस. काही भाग एकदाच पाहावेत. मागे त्या दुसऱ्या मालिकेत म्हातारा हत्ती विकला, तो भाग मी पुन्हा पाहिला नाही. गिरिधरराव तर क्रिकेटचा हरलेला अंतिम सामनासुद्धा दुसऱ्यांदा पाहत नाहीत. दाखवायला लागले की चष्मा काढून ठेवतात. टीव्ही बंद करत नाहीत, चष्मा काढतात. असा माणूस.

पण तू कोरडी बसलीस हे वाचून वाईट वाटलं. आठवतं तसं लिहिते.

माईसाहेब म्हणाल्या, "रेवती, मला तुझा राग आला नव्हता. तू गेलीस की त्याचं या घरातलं शेवटचं माणूस जाईल, एवढंच मला दिसत होतं. तू उंबऱ्याशी येऊन 'येते' म्हणालीस. ते ऐकू येऊ नये म्हणून मी मिक्सर लावला. पण पोरी, ऐकू आलंच. सुखानं राहा म्हणायला मी तोंड उघडलं होतं. त्या घरघरीत माझं मलाच ऐकू गेलं नाही, तर तुला कुठून जाणार? माझा मुलगा गेला त्यात तुझा काय दोष होता? तुझं वय काय होतं? मी रोज तुझ्यासाठी चांगलं मागते. कुठं आहेस ते विचारायचं धाडस होत नाही, एवढंच."

असं काहीसं. मग रेवती रडली आणि बैलगाडी निघाली.

बाकी सोमवारच्या भागात वकिलाने कागद लपवले, ते तू पाहिलंच असशील. कागद तुळशीच्या कुंडीखाली आहेत, असं तो मुनीमजीला म्हणाला.

तुझी,
प्रेमलता


मौदा
२२ एप्रिल २०२६

प्रेमा,

तुझं पत्र वाचून मी आधी हसली अन् मग हसणं थांबलं.

शंभर वर्षांपूर्वीच्या घरात मिक्सर कुठून आला वं? त्यांच्याकडं कंदील हाय, तांब्याची घागर हाय, जातं हाय. लाइटच नाही त्या घरात. अन् दुसरं असं का तुझ्या माईसाहेब दारात आल्याच नाही, आत मिक्सर लावून बसल्या. माझे कान गेले, डोळे नाही गेले. माईसाहेब चार मिनिटं दारात उभ्या होत्या, रेवतीच्या तोंडावरून हात फिरवून राहिल्या होत्या.

म्हणून मी इथल्या एका ओळखीच्या पोरीले बसवलं. तिच्या मोबाइलवर तो भाग लावला अन् म्हटलं, ऐकून लिही. तिनं एवढंच लिहिलं, "या घराला दोन दारं आहेत, रेवती. एकातून सून म्हणून आलीस. दुसऱ्यातून लेक म्हणून जा." तिथं तिनं पेन ठेवला. मी तोंडाकडं पाहून समजली, ती म्हणाली, "हा भाग मले दुसऱ्यांदा नाही पाहवत."

तुम्ही दोघी सारख्याच मेल्या. माझा भाग अर्धाच राहिला.

प्रेमा, तू लिहिलं ते माईसाहेबाचं नव्हतं. तो मिक्सर तुझ्या ओट्यावरचा होय. पन्नास वर्षांत तू माझ्यापाशी खोटं लिहिलं नाही. शाळेत माझी पाटी फोडली तेव्हाही दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं होतं. आता काहून लपवते?

अंजना


नंदनवन, नागपूर
२९ एप्रिल २०२६

प्रिय अंजना,

तुझं पत्र दोन दिवस देवघरात ठेवलं होतं. आज लिहिते.

तो भाग मी पूर्ण पाहिलाच नाही. माईसाहेब दाराशी आल्या आणि रेवतीने वाकून नमस्कार केला, तिथे मी उठून स्वयंपाकघरात गेले. मागून गिरिधररावांनी टीव्ही बंद केला. त्या दिवशी चष्मा काढून भागलं नसावं. त्यामुळे माईसाहेब काय म्हणाल्या हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तुला लिहायला बसले तर काहीतरी रचावं लागणार होतं. रचायला लागले आणि हात लिहीतच गेला. मिक्सर कधी आला ते मलाही कळलं नाही.

आमचा विहंग २०१८ साली डेंग्यूने चार दिवसांत गेला, ते तुला माहीत आहे. तू आली होतीस. त्यानंतर कामिनी तीन वर्षं आमच्यापाशी राहिली. सून म्हणून आलेली मुलगी, पण तिनेच आम्हाला सांभाळलं. शाळेतल्या नोकरीवरून यायची, यांच्या गोळ्या द्यायची, माझ्यासोबत मालिका पाहायची. मग तिला अंकुश भेटला. तिने मला लपवलं नाही, समोर बसून सांगितलं. मी म्हटलं, तुझं तू बघ. एवढंच म्हटलं. नातेवाइकांनी वाटेल ते अर्थ काढले, मुलगा बौद्ध आहे म्हणून प्रेमलताला चालला नाही म्हणाले. खरं सांगते, तो कोणीही असता तरी मला चालला नसता. तो विहंग नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा.

डिसेंबर २०२१ मध्ये ती दोन बॅगा घेऊन निघाली. कोर्टात लग्न होतं. यांनी बॅगा खाली नेल्या. ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाली, "आई, येते." आणि मी मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं, अंजना. रिकामा फिरवला, जळका वास येईपर्यंत. बंद केला तेव्हा घरात कोणी नव्हतं.

त्यानंतर तिचे दोन फोन आले. मी घेतले नाहीत. मग आले नाहीत. आता वाटतं, तिला हे घर विसरायचं असेल, आपण का आठवण द्यावी?

हे कोणाला सांगू नकोस. पण लिहून मला बरं वाटलं. आज किती दिवसांनी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तुझी,
प्रेमा


मौदा
६ मे २०२६

ती. आईंना,

अक्षर ओळखलंत का? किराण्याची यादी मीच लिहायची.

अंजनामावशींनी मोबाइलवर ऐकून लिहायला बसवलेली मुलगी मी आहे. अंकुश इथल्या वीज केंद्रात आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही मौद्याला आलो. पहिल्याच आठवड्यात बाजारात वांगी घेताना मावशी भेटल्या. त्या तिथेच रडायला लागल्या आणि वांगीवाली घाबरली. मीच त्यांना शपथ घातली होती की तुम्हाला सांगायचं नाही. त्यांना दोन वर्षं ते पोटात ठेवणं किती जड गेलं असेल, तुम्ही समजू शकता. त्यांच्यावर रागावू नका.

मावशींना तुमच्या पत्रातल्या मिक्सरचा उलगडा होईना, म्हणून त्यांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, "वाच, अन् मालिकेत खरंच असं हाय का ते पाह्य." मी वाचलं. मग त्यांनी मालिका लावायला सांगितली. दोन वाक्यं लिहिली आणि पुढे लिहवेना. तो भाग मी पहिल्यांदा एकटीने पाहिला होता. तेव्हा मला वाटलं होतं, असं फक्त मालिकेत होतं.

आई, मी जिन्यात उभी होते. मिक्सर बंद होईपर्यंत उभी होते. मला वाटलं, माझा आवाजसुद्धा तुम्हाला नको आहे. बंद झाल्यावर तुम्ही बाहेर याल म्हणून थांबले. तुम्ही आला नाहीत. बाबा म्हणाले, "जा बेटा, उशीर होईल." इतकी वर्षं मी ते असंच धरून चालले.

तुम्ही माईसाहेबांच्या तोंडी घातलेलं मी आतापर्यंत किती वेळा वाचलं ते विचारू नका. मावशी पत्र परत मागतात, मी देत नाही.

आम्हाला मुलगी आहे. पायल. तीन वर्षांची होईल. तिला वाटतं, सगळ्यांना दोन आज्या असतात. तिची एक आहे, अंकुशची आई, मौद्यात आमच्यासोबतच असते. माझी आई मी लहान असतानाच गेली, हे तुम्हाला माहीत आहे. दुसरी आजी कुठे आहे, असं पायल विचारते. मी म्हणते, नागपूरला. हे मी खोटं सांगत नाही, असं मला नेहमी वाटतं.

तुमची,
कामिनी

ता. क. मावशींना तुम्ही नंतर लिहिलेलं पत्र त्यांनी मला दाखवलेलं नाही. फक्त म्हणाल्या, "आता तू लिही."


नंदनवन, नागपूर
११ मे २०२६

श्री. अंकुश यांना,

आपली ओळख नाही. ती न होण्याला मी कारण आहे. म्हणून हे पत्र कामिनीला न लिहिता आधी आपल्याला लिहिते.

येत्या सतरा तारखेपासून अधिक महिना लागतो. आमच्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी येतो. या महिन्यात लेकीला आणि जावयाला घरी बोलावतात, जावयाला अनारशांचं वाण देतात. आम्हाला एकच मुलगा होता, त्यामुळे माझ्या घरी हा महिना कधी झाला नाही. शेजारच्या प्रयागबाईंकडे दर वेळी चार जावई येतात आणि मी त्यांच्याकडे अनारसे तळायला जाते.

या वेळी मला माझ्या घरी तळायचे आहेत. आपण कामिनीला आणि पायलला घेऊन रविवारी, चोवीस तारखेला जेवायला यावं. गिरिधरराव बसस्टँडवर येतील. ते सकाळपासूनच विचारत आहेत की गाडी किती वाजता येते.

आपल्याला राग असेल तर तो रास्त आहे. तरी यावं.

प्रेमलता


मौदा
१५ मे २०२६

आदरणीय आईंना,

जयभीम.

तुमचं पत्र कामिनीनं मले ड्युटीवरून आल्याआल्या दिलं. हेल्मेट काढायच्या आधीच वाचायला लावलं.

मले राग नाही. तुमचा मुलगा गेला होता. माझी आई म्हणते, त्या बाईनं आपल्या घरातली पोरगी तुले दिली, तू तिच्यावर कशाले रागावतं? ती बरोबर बोलते.

एक गोष्ट सांगतो, वाईट मानू नका. आमच्या घरी अधिक महिना, वाण, ओवाळणं हे काही मानत नाहीत. म्हणून माझे पाय वगैरे धुऊ नका, मले ते चालणार नाही. पण सासूच्या हातचं जेवण मले चालते. लग्नाले साडेचार वर्षं झाली, अजून सासुरवाडीत जेवलो नाही. मित्र चिडवतात. अनारसे मी किती खातो हे कामिनीले विचारा.

बाबांना बसस्टँडवर उन्हात उभं करू नका. मी मित्राची गाडी आणून राहिलो आहे.

आपला,
अंकुश


नंदनवन, नागपूर
२६ मे २०२६

प्रिय अंजना,

आधी तुझ्याशी भांडायचं आहे. दोन वर्षं तू माझ्या सुनेच्या हातचा चहा प्यायलीस आणि मला मौद्याच्या वांग्यांचे भाव लिहीत राहिलीस. तुला शपथ घातली होती हे कबूल. पण एखादी शपथ मोडायची नसते का? आता भांडण संपलं. ऐक.

रविवारी पंचेचाळीस होतं. अंकुशला ओवाळायचं नाही, हे मी दहा वेळा मनाशी घोकलं होतं. अनारसे वाणाच्या ताटात न ठेवता साध्या डब्यात ठेवले, म्हणजे तो नुसता फराळ झाला. पाटवडी रस्सा केला, वडाभात केला, आमरस केला. गिरिधरराव सकाळपासून खिडकीत. गाडी आली तेव्हा हे ओरडले, "आली वं, आली." बत्तीस वर्षं ऑफिसात शुद्ध बोललेला माणूस.

मी जिना उतरून खाली गेले. काय बोलायचं ते चार दिवस ठरवत होते. कामिनी गाडीतून उतरली आणि मी म्हटलं, "किती वाळलीस." हेच निघालं. ती म्हणाली, "आई, मी पाच किलो वाढली आहे." मग आम्ही दोघी हसायला लागलो आणि हसता हसता उन्हात उभ्या राहून रडलो. अंकुश म्हणाला, "सावलीत रडा ना, ऊन लागंल." उंच आहे, अंजना. आमच्या दारातून वाकून आत आला. वाकलेलाच होता तो, तर त्याने माझ्या पायाला हात लावला. मी म्हटलं, हे चालतं का तुमच्याकडे? तो म्हणाला, "मोठ्या माणसांचं चालते."

त्याने अनारसे सतरा खाल्ले. प्रयागबाई भिंतीपलीकडून विचारत होत्या, कोण आलं आहे? गिरिधरराव गॅलरीत जाऊन म्हणाले, "आमचा जावई."

जेवणं झाल्यावर पायल घरभर फिरत होती. फिरता फिरता विहंगच्या फोटोसमोर थांबली आणि बोट दाखवून म्हणाली, "हे कोण?"

कामिनी माझ्याकडे पाहू लागली, मी तिच्याकडे. आठ वर्षांत त्या फोटोसमोर कोणी इतक्या सहज प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "तो माझा मुलगा आहे." पायल म्हणाली, "मग तो जेवायला का नाही आला?"

अंकुश उठला, तिला कडेवर घेतलं, फोटोच्या जवळ नेलं आणि म्हणाला, "हा विहंगमामा. हा आता नाही. पण याच्यामुळंच तुले ही आजी भेटली. नमस्कार कर." तिने हात जोडले. मग विचार केला आणि तिच्या हातातला अर्धा अनारसा फोटोच्या चौकटीवर ठेवला.

मामा. अंजना, मी इतकी वर्षं विहंगचं या घरातलं शेवटचं माणूस गेलं म्हणून रडत होते. त्याला भाची झाली. गिरिधररावांनी चष्मा पुसला, पण काढून ठेवला नाही.

संध्याकाळी निघायची वेळ झाली तेव्हा अंकुश म्हणाला, "मले उद्या ड्युटी हाय. पण या दोघी राहू द्या आठ दिवस. मले तिकडं आई हाय जेवायले." कामिनीने बॅग आणलीच होती. दोघांनी आधीच ठरवलं होतं, मला कळू दिलं नव्हतं.

कामिनी या घरात आठ वर्षं राहिली. आठ वर्षं साडेपाचला उठली. मी कधी म्हटलं नाही, पण तिनेच तो नेम धरला होता, सून म्हणून. तापातसुद्धा उठायची. रात्री मी तिला खोलीत पाणी ठेवलं तर म्हणाली, "सकाळी चहा मी करते." मी दार ओढून घेतलं.

आज सकाळी दूधवाल्याला खालीच थांबवलं, बेल वाजू नये म्हणून. पायलला गिरिधरराव बागेत घेऊन गेले. कुकर मी अजून लावला नाही. हे पत्र स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून लिहिते आहे, खुर्ची ओढली तर आवाज होईल.

दहा वाजून गेले आहेत. ती अजून झोपली आहे. दार थोडं उघडून पाहिलं, एक पाय पलंगाबाहेर, तोंडावर केस, लेकी माहेरी झोपतात तशी.

मी उठवणार नाही.

तुझी,
प्रेमा